सेहेचाळीस नंबरचा खुबा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, कलबुर्गीच्या एका खासगी दवाखान्यात, हावगेप्पांच्या डाव्या खुब्याचं माप जाहीर झालं. सेहेचाळीस.

जाहीर करणारे डॉ. बसवप्रभु कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होते. पडद्यावर हावगेप्पांच्या कमरेचा एक्स-रे होता आणि त्याच्यावर, शिंपी कापडावर खडूने आखतो तशी, निळ्या रेघांनी एक वाटी, एक गोळा आणि एक दांडा आखलेला होता. झिजलेला खुबा काढून हेच सामान आत बसवायचं होतं.

"वाटी सेहेचाळीस मिलिमीटरची बसेल," डॉक्टर म्हणाले. "लहानच आहे जरा. एवढं माप आमच्याकडे बारीक चणीच्या बायकांना लागतं. पण कुणाची हाडं कशी असतील, सांगता येत नाही."

खोलीत तिघं होते. डॉक्टर बोलून मोकळे झाले होते. हावगेप्पा पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचत होते. त्यांच्या पत्नी रत्नम्मांनी पदर तोंडाला लावला होता.

इथे काही नोंदी कराव्या लागतील. हावगेप्पांचं वय त्रेसष्ट, उंची पाच फूट अकरा इंच. ऐन तारुण्यात त्यांनी विहिरीवरची पाच एचपीची मोटार खांद्यावर टाकून संतपूरच्या बसथांब्यापासून आपल्या दुकानापर्यंत नेली होती. ही घटना पाहिलेल्यांपेक्षा ऐकलेल्यांची संख्या फार मोठी आहे, कारण सांगणारा आजही हयात आहे. अशा माणसाला बायकांचं माप!

"कामून हसायलीस?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"मी कुठं हसायले? खोकला आला."

संतपूरच्या मोठ्या रस्त्यावर हावगेप्पांचं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बेअरिंग, बुश, पंखा, व्हॉल्व्ह, जे मागाल ते. मागाल ते म्हणजे, जुना पार्ट घेऊन आलात तर. दुकानाच्या पाटीवर नावापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे: 'जुना पार्ट दाखवल्याशिवाय नवा मिळणार नाही.' हीच ओळ पावतीवर आहे, कॅलेंडरवर आहे आणि धाकट्या मेव्हण्याच्या लग्नात दिलेल्या भांड्यांवरही आहे. जुना पार्ट हातात आला की हावगेप्पा त्याला व्हर्नियर लावतात, मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजतात, आणि मगच फळीकडे हात नेतात. तूर भरात असताना, विहिरीवर मोटार बंद पडलेली असताना, चार कोसांवरून आलेल्या माणसाला त्यांनी रिकाम्या हाताने परत पाठवलेलं आहे. अशांपैकी राघोबा नावाचे शेतकरी एकाच दिवसात तीनदा परत गेले होते. राघोबा पुढे या कथेत येतात. ते वाटच बघत होते.

अकरा महिन्यांपूर्वी खुब्याने जवाब दिला. दुकानाला तीन उंच पायऱ्या आहेत आणि त्या हावगेप्पांना चढवेनात. तेव्हापासून ते समोरच्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि दुकानात रत्नम्मा बसतात. तीन पायऱ्या चढून आपल्या गादीवर पुन्हा बसणं, एवढ्यासाठीच हे ऑपरेशन होतं. घाईचं कारण असं, की रत्नम्मांचा धंदा चांगला चालला होता.

त्यांनी नियम मोडला होता. गिऱ्हाइकाला त्या म्हणत, "कशाला एवढ्या लांबून यायलात? पार्टच्या बाजूला काडीपेटी ठेवा अन् मोबाईलवर फोटो पाठवा." काडीपेटीचं माप त्यांना ठाऊक होतं. त्यावरून पार्टचं माप काढून त्या माल बसमध्ये चढवत. अकरा महिन्यांत चार वस्तू परत आल्या. हावगेप्पा ओट्यावरून ओरडत, "फोटोवरनं कुठं माप कळतंय का?" चार हा आकडा त्यांनीच मोजून ठेवला होता. त्यांच्या काळात सालाला सहा येत, तो आकडा मात्र कुणी ठेवला नव्हता.

त्यामुळे त्या मंगळवारी दवाखान्यात डॉ. बसवप्रभु एक्स-रेवरून माप सांगू लागले तेव्हा हावगेप्पांना फसल्यासारखं झालं. हाही फोटोच.

"एक्स-रेत सावली मोठी पडते," डॉक्टरांनी समजावलं. "म्हणून मांडीच्या बाजूला पंचवीस मिलिमीटरचा लोखंडी गोळा ठेवून एक्स-रे काढायचा. हा बघा, हा पांढरा ठिपका. गोळा केवढा हे माहीत असतं, त्यावरून कॉम्प्युटर हाडाचं खरं माप काढतो."

"हां," रत्नम्मा चटकन म्हणाल्या, "काडीपेटी."

हावगेप्पांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "पण डॉक्टर, जुना पार्ट हातात घेतल्याबिगर तुम्ही नवा मागवायलात, हे काही बरोबर न्हाई."

"जुना पार्ट तुमच्या आत आहे, अप्पा. शेवटचं माप उघडल्यावरच ठरतं. मी सेहेचाळीस सांगतो, एक नंबर खालचा, एक वरचा. हैदराबादहून तेवढे येतात."

'उघडल्यावर बघू' हे वाक्य हावगेप्पांनी आयुष्यभर जळालेल्या मोटारींची तार गुंडाळणाऱ्या मिस्त्रींकडून ऐकलेलं होतं आणि ते म्हणणाऱ्या मिस्त्रीला त्यांनी कधी उधारी दिली नव्हती.

मग मालाची निवड झाली. गोळा धातूचा की सिरॅमिकचा? सिरॅमिक म्हणजे काय, हे हावगेप्पांनी खोदून विचारलं. चिनीमातीचाच मोठा भाऊ म्हणा, असं डॉक्टर म्हणाले.

"चिनीमाती फुटती."

"माझी लोणच्याची बरणी लग्नातली हाय," रत्नम्मा म्हणाल्या. "तिला टवकासुद्धा न्हाई गेला. तुमच्या लोखंडाच्या मोटारी दरसाल जळायल्यात."

यावर डॉक्टरांनी सिरॅमिकचा गोळा आणि वाटीच्या आत कठीण प्लास्टिकचं अस्तर असं लिहून घेतलं. हावगेप्पांनी गॅरंटी कार्डाची चौकशी केली. पंधरा-वीस वर्षं तर सहज, पुढे तुमच्या वागण्यावर, असं उत्तर मिळालं. आजवर त्यांना भेटलेल्या प्रत्येक कंपनीच्या माणसाने हेच उत्तर दिलं होतं.

संतपूरला परत येईपर्यंत बातमी पुढे पोचली होती. कशी, ते कळलेलं नाही. रत्नम्मांनी रस्त्यात फक्त दोन फोन केले होते.

पहिले आले शेजारचे सिमेंटचे व्यापारी महादेवप्पा. खुबा कधीकधी सिमेंटने बसवतात एवढं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, आणि ते या विषयात स्वतःला तज्ज्ञ समजत होते.

"कोणत्या कंपनीचं घालायलेत? अन् एकवीस दिवस पाणी कोण मारणार?"

"माझ्यात सिमेंट न्हाई. बिगर सिमेंटचाच ठोकून बसवतेत. हाड त्याला आपसूक धरतंय म्हणे."

महादेवप्पांचा चेहरा पडला. "बिगर सिमेंटचं काम किती दिवस टिकतंय ते आम्हाला म्हायती हाय," असं म्हणून ते चहा न घेता उठले. हा धंद्याचा अपमान त्यांनी बरेच दिवस मनात ठेवला.

राघोबा मात्र चहा घेऊन, पान लावून, मांडी घालून बसले. मांडी त्यांनी मुद्दाम घातली असावी.

"अप्पा, डाक्टरला जुना पार्ट दाखवलाव का?"

हावगेप्पा रस्त्याकडे बघू लागले.

"न्हाई दाखवला? अन् तरी नवा द्यायलाय? लई भला माणूस दिसतोय. आमच्या नशिबी असा दुकानदार न्हाई आला." राघोबांनी पान दुसऱ्या गालात घेतलं. "सेहेचाळीस म्हणे. म्हंजी पाच एचपीच्या बॉडीत अर्ध्या एचपीचं सामान."

त्या दिवशी हावगेप्पा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकानातून व्हर्नियर मागवलं, एक्स-रेची फिल्म खिडकीला चिकटवली आणि गोळ्याची सावली, वाटीची सावली अशी मोजून पावतीपुस्तकाच्या मागे त्रैराशिक मांडलं. गोळा पंचवीस धरला की वाटी सेहेचाळीस. चारदा मांडलं, चारदा सेहेचाळीस. मग त्यांनी जे केलं त्याला विज्ञानात काय म्हणतात ते माहीत नाही. संतपुरात त्याला हट्ट म्हणतात. त्यांनी उलटं मांडलं. आपला खुबा बायकी मापाचा नाही, बावन्न-त्रेपन्नचा आहे, हे धरून चाललं, तर गोळा केवढा असायला हवा?

उत्तर साडेअठ्ठावीसच्या आसपास आलं. हावगेप्पा ताठ बसले.

"रत्नम्मा, बीदरला जायचं हाय."

एक्स-रे बीदरच्या एका छोट्या सेंटरमध्ये काढला होता. तिथला तंत्रज्ञ मंजुनाथ मूळचा संतपूरचाच, त्यामुळे रांग चुकली होती. भाड्याच्या गाडीतून बीदरपर्यंत जाताना प्रत्येक खड्ड्याला खुबा ठणकत होता. हावगेप्पा तक्रार करत नव्हते. चूक दुसऱ्याची आहे अशी खात्री असली की माणसाला बरंच सोसतं.

मंजुनाथने ड्रॉवरमधून गोळा काढून दिला. हावगेप्पांनी तो तळहातावर घेतला, एकदा वर उडवून झेलला. व्हर्नियर लावायच्या आधीच ते म्हणाले, "एक इंच एक सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मग व्हर्नियर लावलं. अठ्ठावीस पूर्णांक अठ्ठावन्न. पंचवीसचा गोळा समजून कॉम्प्युटरने सगळं हाड लहान केलं होतं.

"हा दवाखान्याचा गोळा न्हाई! हा बेअरिंगचा हाय!" त्यांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. "कोण्या मूर्खानं दिला तुला?"

मंजुनाथ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागला.

"सांग की!"

"अप्पा… तुमच्याच दुकानातला हाय."

हावगेप्पा सावकाश पत्नीकडे वळले. अकरा महिने ते या क्षणाची वाट बघत होते. "बघ. फोटोवरनं माल द्यायचं फळ बघ. नवऱ्याच्याच खुब्याचं माप चुकलं."

"मी न्हाई दिला," रत्नम्मा म्हणाल्या.

"मग काय मी दिला?"

"व्हय अप्पा," मंजुनाथ म्हणाला. "उन्हाळ्यात. अक्का राजेश्वर गावाला लग्नाला गेलत्या, दुकान बंद होतं. तुम्ही ओट्यावर होता. मी म्हटलं, आमचा गोळा हरवलाय, जुना आणता येत न्हाई, पंचवीसचा पायजे. तुम्ही म्हटलाव, जुन्याबिगर मी देत नसतो. मग मी म्हटलं, अप्पा, तुमची नजर म्हंजी व्हर्नियर…"

हावगेप्पांना आठवलं. हे वाक्य त्यांना फार आवडलं होतं. त्यांनी किल्ली काढून दिली होती, कुठल्या फळीवरचा कुठला डबा ते बोटाने दाखवलं होतं, मंजुनाथने आणलेला गोळा चिमटीत धरून 'हा बघ पंचवीस' म्हटलं होतं, आणि दवाखान्याचं पुण्यकाम म्हणून तो तसाच देऊन टाकला होता. चाळीस वर्षांत एकदाच नियम मोडला, आणि तो स्वतःच्या कमरेवर.

रत्नम्मांनी या वेळी पदरही तोंडाला लावला नाही. हावगेप्पांना ते जास्त लागलं.

मंजुनाथने वही तपासली. त्या गोळ्यावर खुब्याचे दोनच एक्स-रे निघाले होते. दुसरा जनवाड्याच्या एका बाईंचा, आणि त्यांनी राशी, म्हणजे मळणी, झाल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही म्हणून ते पुढे ढकललं होतं. त्यांना तिथल्या तिथे फोन गेला. हावगेप्पांनी स्वतः मंजुनाथच्या हातातून फोन घेतला आणि त्या अनोळखी बाईंना सांगितलं, "अक्का, तुमचा एक्स-रे फुकट परत निघणार हाय. चूक माझी हाय." रत्नम्मांनी हे ऐकलं आणि पिशवीतून डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. ते दोन दिवसांनी नीट जेवले.

नव्या एक्स-रेसाठी हावगेप्पांनी दुकानातून खराखुरा पंचवीसचा गोळा आणवला आणि मंजुनाथकडून मोजल्याची सही घेतली. नवा एक्स-रे पाठवून डॉक्टरांना फोन केला, तेव्हा त्यांनी तो जुन्याशेजारी उघडून बघितला.

"मलाही सेहेचाळीस खटकलं होतं," डॉक्टर म्हणाले. "तुमची चण बघून पुन्हा एक्स-रे काढायला सांगायला पाहिजे होतं. उघडल्यावर कळलंच असतं, पण तेव्हा मोठं माप टेबलावर नसतं. तुम्हाला तसंच बंद करून परत पाठवावं लागलं असतं." मग ते म्हणाले, "आता बावन्न दिसतंय. मी बावन्न धरतो."

"चोपन्न," हावगेप्पा म्हणाले.

"बघू."

इथवर प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण पुण्यातल्या मुलाच्या नोकरीतून मिळालेला विमा होता, आणि विमा कंपनीने मंजुरी देताना सेहेचाळीस हा आकडा कागदावर घेतलेला होता. आकडा का बदलला, असं कंपनीने विचारलं. मुलगा फोनवर म्हणाला, डॉक्टरांचं पत्र पाठवू. डॉक्टरांचं पत्र गेलं. त्यावर उत्तर आलं, की मापनाची वस्तू सदोष होती असं आपण म्हणता. तरी ती वस्तू पुरवणाऱ्या दुकानाचं, वस्तूच्या खऱ्या मापाबद्दलचं पत्र, दुकानाच्या छापील कागदावर, सही-शिक्क्यासह जोडावं.

हावगेप्पांनी तीन मसुदे केले. पहिल्यात 'काही अपरिहार्य कारणाने' असं होतं. दुसऱ्यात सगळा दोष उन्हाळ्यावर होता. तिसरा रत्नम्मांनी सांगितला आणि तोच गेला: 'सदर गोळा आमच्या दुकानातून आम्ही स्वतः न मोजता दिला. तो अठ्ठावीस पूर्णांक अठ्ठावन्न मिलिमीटरचा आहे. रुग्ण व दुकानदार एकच आहेत.' खाली सही, शिक्का. वर, छापील लाल अक्षरांत, 'जुना पार्ट दाखवल्याशिवाय नवा मिळणार नाही.' ती ओळ झाकून झेरॉक्स काढता येईल का, असं हावगेप्पांनी विचारून बघितलं. रत्नम्मा म्हणाल्या, "राहू द्या. खरी तर हाय."

सोमवारी ठरलेलं ऑपरेशन या पत्रापायी गुरुवारवर गेलं. त्या मधल्या दिवसांत रत्नम्मांनी आणखी एक काम उरकून घेतलं. महादेवप्पांना बोलावून त्यांनी दुकानाच्या तीन उंच पायऱ्यांच्या पाच बुटक्या पायऱ्या करायला सांगितल्या. गादीवर कोण बसणार याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. महादेवप्पांनी सिमेंट स्वतःच्या गोदामातलं, निवडून घातलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं, "एकवीस दिवस पाणी. तवर कुणी पाय ठेवायचा न्हाई." डॉक्टरही म्हणाले होते, दुकानाच्या पायऱ्या तीन आठवड्यांनी. या एका मुद्द्यावर दोन तज्ज्ञांचं एकमत झालं.

गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी हावगेप्पांना आत नेलं. डाव्या मांडीवर डॉक्टरांनी स्वतः शाईने बाण काढला होता. व्हर्नियर आत नेऊ द्या, ही मागणी नर्स नेत्रावतींनी फेटाळली. उकळून घ्या, ही दुरुस्तीही फेटाळली. तेव्हा हावगेप्पांनी ते रत्नम्मांच्या हातात दिलं. अकरा महिन्यांत त्यांनी दुकानातली ही एकच वस्तू आपण होऊन त्यांच्या हाती दिली होती.

"जुना पार्ट बघितल्याबिगर नवा बसवू द्यायचा न्हाई," ते म्हणाले.

"बरं."

"अन् त्या राघोबाला नंबर सांगू नको."

"बरं. जावा आता. हात थंड पडलेत तुमचे."

नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी दार उघडलं. नेत्रावती स्टीलच्या वाटीत काहीतरी घेऊन आल्या. "अक्का, हे बघून घ्या लवकर. कमरेखालचंच बधिर केलंय, त्यामुळे अप्पा आत जागे आहेत. जुना पार्ट बाहेर दाखवल्याशिवाय डॉक्टरांना पुढं जाऊ देईनात. डॉक्टर म्हणाले, दाखवून या एकदाचं."

वाटीत हावगेप्पांच्या मांडीच्या हाडाचा गोळा होता. त्रेसष्ट वर्षांचा, वर पिवळट, एका बाजूला घासून हस्तिदंतासारखा चकचकीत झालेला. रत्नम्मा क्षणभर नुसत्या बघत राहिल्या. यावरच तो माणूस पाच एचपीची मोटार घेऊन चालला होता. मग त्यांनी नेत्रावतींनी दिलेले हातमोजे चढवले आणि व्हर्नियर लावलं. एका बाजूने अठ्ठेचाळीस. फिरवून लावलं, एक्कावन्न. पुन्हा लावलं, तेच. झिजलेला पार्ट गोल राहत नाही, हे त्यांना अकरा महिन्यांत कळलेलं होतं. दोन्ही आकडे त्यांनी पावतीपुस्तकावर लिहिले.

"आत काय सांगू?" नेत्रावतींनी विचारलं.

"सांगा, जुना पार्ट मिळाला. आता नवा द्यायला हरकत न्हाई."

दार बंद झालं. दहाला राघोबांचा फोन आला, "किती नंबर बसला वैनी?" रत्नम्मा म्हणाल्या, अजून कळलं न्हाई, आणि ते खरंच होतं. फोन ठेवायच्या आधी राघोबा म्हणाले, "अप्पा चालत येऊ द्या बगा. भांडायला माणूस न्हाई उरला." पाठोपाठ महादेवप्पांचा निरोप आला, की पायऱ्यांना सकाळचं पाणी मारलं आहे.

हे लिहीपर्यंत, म्हणजे दहा वाजून पाच मिनिटांपर्यंत, ऑपरेशनच्या दारावरचा लाल दिवा चालू होता. बावन्न की चोपन्न, ते बाहेर कुणाला कळलेलं नव्हतं. पायऱ्या ओल्या होत्या.